धाकट्याचा आवाज

मला नकला चांगल्या जमतात. शाळेत शिकवत होते तेव्हा मधल्या सुट्टीत हेडमास्तरांची नक्कल करून बायकांना रडेपर्यंत हसवायचे. पण हुबेहूब जमायची ती एकाचीच, माझ्या धाकट्या भावाची. आमचा दोघांचा गळा मूळचा एकच, आईकडून आलेला. जरा खाली उतरवला आणि किंचित नाकात घेतला की झाला त्याचा आवाज. या एका गुणापायी मी माझ्या बापाचं म्हातारपण नासवलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला भली बाई समजायला नको.

आमचं शेत वालूरच्या पलीकडं, दुधनेच्या काठाला. नदीकाठ म्हटल्यावर ऊस आला, आणि ऊस आला की रानडुकरं आलीच. आज उभा असलेला भुईमूग उद्या सकाळी नांगरल्यागत उलथा पडलेला दिसायचा. म्हणून आजोबांच्या वेळेपासून घरात एकनळी बंदूक होती, पीक राखायच्या परवान्याची. निवडणूक आली की ती ठाण्यात नेऊन जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, ती परत आणायचे तेव्हा सासरहून लेक आणल्यासारखे खुशीत असायचे.

दिवाळीत सगळे जमले आणि वनखात्याचा कागद हातात असला की घरची शिकार व्हायची. उसाला तीन बाजूंनी आम्ही रिकामे डबे घेऊन उभे राहायचो. चौथी बाजू मोकळी सोडायची आणि तिकडं बांधावर अण्णा बंदूक घेऊन बसायचे. डबे वाजले की डुकरं मोकळ्या बाजूनं बाहेर पडतात, एवढाच त्यातला हिशेब.

पण एक दंडक होता, आजोबांनी घालून दिलेला. निजामाच्या राज्यात कुण्या जहागीरदाराच्या शिकारीला आजोबा हाका घालायला, म्हणजे डबे-ढोल बडवून जनावर उठवायला, गेले होते. शेजारी उभा असलेला माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत गोळी लागून मेला. तो कुठं उभा आहे हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात हजेरी झाल्याशिवाय काडतूस नळीत जात नाही. अण्णा बांधावरून एकेकाला हाक मारायचे. ज्यानं त्यानं आपल्या जागेवरून, आपल्यापाशी किती जण आहेत तेवढंच ओरडून सांगायचं.

'थोरली?'

'एकटी.'

'गडी?'

'एकटा.'

'धाकटा?'

'दोघं.'

धाकट्याबरोबर कायम, घरात त्या वेळी जी असेल ती, कुत्री असायची, आणि अण्णांच्या हजेरीत कुत्री माणसात धरलेली होती. तीन हाका मारूनही कुणा एकाचं उत्तर आलं नाही तर त्या दिवशी शिकार बंद. बंदूक पोत्यात गुंडाळायची आणि मुकाट घरी चालायला लागायचं.

लहानपणी धाकटा कधी जागेवर सापडला तर शपथ. शेजारच्या रानात बोरं पिकलेली दिसली की हा डबा टाकून पळाला. मग अण्णांची हाक यायची आणि मी माझ्या जागेवरून, तोंडापुढं हात धरून, त्याच्या आवाजात 'दोघं' म्हणायचे. न म्हणून काय करता, त्याला मार बसला असता. अण्णांना कधी कळलं नाही आणि कधी काही झालंही नाही. काही झालं नाही, हीच तर सगळी गोम आहे. एकदा तरी काही बारीकसं व्हायला पाहिजे होतं.

आई गेल्यावर अण्णा शेतातच राहायला लागले, आखाड्यावर. आखाडा म्हणजे गोठ्याला लागून दोन खोल्या आणि पुढं लिंबाचं झाड. मी परभणीला, शाळेजवळच्या फ्लॅटमध्ये एकटी. लग्नाचं माझं जमलं नाही आणि त्याचं रडगाणं इथं नको. मी म्हणायचे, अण्णा, एकटे कशाला राहता, माझ्याकडं या. त्यावर ते चिडायचे. 'एकटा कुठं? आमी दोघं हाव की.' दोघं म्हणजे ते आणि त्यांची कुत्री. तपकिरी रंगाची, पडक्या कानांची, त्यांच्या खाटेखाली झोपणारी. भाकरीचा पहिला तुकडा तिचा, मग यांचा.

पाच वर्षांपूर्वीच्या दिवाळीला भाऊ पुण्याहून बायको आणि लेकीला घेऊन आखाड्यावर आला. तो ठिबकच्या कंपनीत आहे. कंपनीनं त्याला दोन वर्षं आफ्रिकेत पाठवलं होतं आणि तो नुकताच परतला होता, खाकी टोपीसकट. तिथं गोरी कुटुंबं बायकापोरांना घेऊन शिकारीला येतात, जंगलात तंबू ठोकून राहतात, मारलेल्या जनावराशेजारी गुडघा टेकून सगळे मिळून फोटो काढतात, असं तो रंगवून सांगत होता. अण्णा लिंबाखाली बसून ऐकत होते.

'त्यांची शेतं कुठं हायत मग?' त्यांनी विचारलं.

'शेतं न्हाईत, अण्णा. हौसंसाठी.'

'हौसंसाठी मारायचं आन् वर फोटो काढायचा. लय शिकलेली दिसत्यात.'

आम्ही सगळे हसलो. पण नऊ वर्षांच्या भाचीनं ते धरून ठेवलं. आपली पण शिकार पाहिजे म्हणून हटून बसली. मधली काही वर्षं शिकार झालीच नव्हती, नेमका त्या वर्षी कागद हातात होता. अण्णा तिला म्हणाले, 'उद्या सकाळी. पण हजेरीत तोंड उघडायचं बराबर, न्हाईतर आजोबा बंदूक भरत न्हाईत.'

सकाळी आठचा सुमार. भावजय आखाड्यावर धपाटे करत थांबली. उसाच्या पलीकडच्या अंगाला सालगडी आणि त्याच्याबरोबर भाची. मधल्या बाजूला मी. नदीकडच्या कोपऱ्यावर धाकटा आणि कुत्री. अण्णा मोकळ्या बाजूला, आणि त्यांच्या आणि उसाच्या मध्ये तुरीच्या पाच-सहा ओळी. मी कोपऱ्याकडं पाहिलं तर धाकटा नाही. डबा तेवढा बांधावर ठेवलेला. मला हसू आलं. पन्नाशीला आला तरी हा सुधारला नाही, म्हटलं.

अण्णांनी हाक दिली. मी 'एकटी' म्हणाले. गड्यानं 'दोघं' म्हटलं, त्याच्याबरोबर पोर होती ना. मग 'धाकटा?' उत्तर नाही. परत 'धाकटा?' उत्तर नाही. आता तिसऱ्या हाकेला आलं नाही की संपलं. पोरगी वाट बघत उभी होती, आणि लेकीसमोर बापाला अण्णांच्या शिव्या बसल्या असत्या. असलं काहीबाही माझ्या मनात आलं. खरं कारण याहून हलकं होतं. मला वाटलं, बघू तरी, अजून जमतंय का.

तिसरी हाक आली. मी तोंडापुढं हात धरला, गळा खाली उतरवला आणि म्हणाले, 'दोघं.'

जमलं.

काडतूस भरून बंदूक मिटल्याचा आवाज आला. मग डबे वाजायला लागले, पलीकडून भाचीचे, इकडून माझे. आणि लगेच गोळी. एकच. त्यानंतर डुकराचा आवाज नाही, अण्णांची आरोळी नाही, काहीच नाही. मी डबा टाकून उसाच्या कडेनं पळाले.

तुरीत कुत्री पडली होती. तिच्या मागं सात-आठ पावलांवर, पावसाच्या पाण्यानं कोरलेल्या खोल ओघळीच्या काठावर, भाऊ उभा होता, मोबाईल हातात धरून. त्याला आफ्रिकेतल्यासारखा फोटो पाहिजे होता. बांधावर अण्णा, खांद्याला बंदूक आणि उसातून निघालेलं डुक्कर. म्हणून तो ओघळीतून लपत मोकळ्या बाजूला आला होता. ओघळीत वरचं नीट ऐकू येत नाही. डबे वाजले तसा तो दचकून वर चढला आणि कुत्री त्याच्या पुढं धावली. अण्णांना तुरीतून येणारं तपकिरी, बुटकं काहीतरी दिसलं. त्यांच्या हिशेबानं कुत्री तर कोपऱ्यावर धाकट्यापाशी होती. हजेरी झाली होती. त्यांनी घोडा दाबला.

अण्णा कुत्रीपाशी खाली बसले होते. तिचं डोकं मांडीवर घेतलेलं. त्यांनी वर भावाकडं पाहिलं. 'तू आवाज दिलास ना? दोघं म्हनलास ना तू?'

'न्हाई अण्णा. मी कुठं बोललो?' भाऊ म्हणाला. 'मी आवाज दिल्याशिवाय तुमी भरत न्हाईत, म्हनून तर मी बिनघोर इकडं आलो. आवाज इथूनच देनार व्हतो.'

'मला ऐकू आलं. तुझा आवाज.'

'गड्याचं ऐकलं असंल तुमी. त्यानं बी दोघंच म्हनलं.'

'गडी येगळा, तू येगळा. तुझा गळा मला कळत न्हाई का?'

तेवढ्यात गडी पोरीला घेऊन पोचला होता. तो म्हणाला, 'मालक, मला बी आलं ऐकू. छोट्या मालकाचाच आवाज व्हता.' भाऊ त्याच्यावर खेकसला. 'तू नको मालकाच्या हो ला हो करू. मी बोललोच न्हाई तर तुला कुठून आलं?' गडी पोरीला घेऊन बाजूला झाला. त्या वावरात तिघंही खरंच बोलत होते.

आणि मी तिथंच उभी होते. मी तोंड उघडलं नाही. आत्ता सांगते, कुत्रीला पुरल्यावर सांगते, जेवणं झाल्यावर सांगते, असं करता करता दिवस मावळला. माझ्या लेकीचा बाप आज गेला असता, असं भावजय रडत रडत म्हणाली. त्यानंतर तर सांगायचं मी मनातूनच काढलं.

बंदूक अण्णांनी स्वतः ठाण्यात नेऊन दिली आणि परत आणायची नाही असं लिहून आले. मग आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं कान ठीक आहेत. तेच अण्णांना जास्त लागलं. कान ठीक आहेत आणि नसलेला आवाज ऐकू येतो, म्हणजे बिघाड आत आहे, डोक्यात. भाऊ म्हणाला, 'आक्का, आता यांना शेतात एकटं ठेवायचं न्हाई. तुझ्याकडं ने.' अण्णांनी वादसुद्धा घातला नाही. एरवी परभणीला दोन दिवस राहा म्हटलं तर अंगावर यायचा तो माणूस, एक पिशवी घेऊन माझ्या मागं एसटीत चढला.

आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. सतरा वर्षं मी त्या फ्लॅटचं कुलूप स्वतः उघडून आत जात होते. आता संध्याकाळी गेलं की दार आतून उघडत होतं. ताटाला ताट लागत होतं. ज्या खोट्यामुळं अण्णा मिळाले ते खोटं मी मोडेन कशाला? भावाच्या भीतीनं गप्प राहिले असं मी स्वतःला दोन वर्षं सांगितलं. ते खोटं होतं. मला बाप हवा होता, घरात, माझ्याकडं.

पण जो आला तो माझा बाप नव्हता. दाराची बेल वाजली की ते आधी माझ्या तोंडाकडं बघायचे. मी उठले तर खरंच वाजली, नाही उठले तर नाही. फोन वाजत राहायचा, ते शेजारी बसून राहायचे. सुरुवातीला विचारायचे तरी, 'वाजला का गं?' पुढं विचारणंही सोडलं. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला तरी स्वयंपाकघराच्या दारात बसून होते. म्हणाले, 'सू सू ऐकू येत व्हतं. पन म्हनलं, जाऊ दे.' मी चिडले. माझं तोंड फटकळ आहे. 'जाऊ दे काय? जळून मेलो असतो की दोघं.' त्यांनी मान खाली घातली. माझा बाप, ज्याच्या एका हाकेला वावर उभं राहायचं, तो लेकीपुढं मान खाली घालून बसला. त्या दिवशीही मी सांगितलं नाही.

सांगितलं ते गेल्या वर्षी. सकाळी न्हाणीघरात माझा पाय घसरला. उजव्या हातावर पडले आणि मनगट मोडलं. उठता येईना. 'अण्णा, अण्णा' म्हणून ओरडले. दार नुसतं लोटलेलं होतं आणि त्यांची खाट तिथून चार पावलांवर. मी ओरडत राहिले. पाणी अंगावर गार झालं तरी ओरडत राहिले. शेवटी वरच्या मजल्यावरची बाई धावत खाली आली. तिच्यासाठी बाहेरचं दार अण्णांनी उघडलं, कारण ती ते हातानं बडवत होती आणि दार हलताना त्यांना दिसत होतं.

तिनं मला उचलून बाहेर आणलं तेव्हा अण्णा भिंतीला टेकून उभे होते. 'ऐकू आलं व्हतं,' ते म्हणाले. 'पयल्या हाकेलाच आलं व्हतं. मला वाटलं, झालं पुन्हा सुरू.'

दवाखान्यातून हाताला प्लास्टर घालून आले. संध्याकाळी अण्णा मला भाकरी कुस्करून देत होते, आणि मी बोलले. सगळं. बोरांपासून. तिसऱ्या हाकेपर्यंत. तो आवाज माझा होता, अण्णा. तुमचे कान खोटे नव्हते, मी खोटी होते. बोलताना मला इतकं रडू आलं की दोनदा थांबावं लागलं. चार वर्षं मी या क्षणाला भीत होते. ते मारतील, थुंकतील, पिशवी उचलून निघून जातील, सगळं धरून चालले होते.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. भाकरीत दूध घातलं. मग डाव्या हातानं माझे डोळे पुसले. 'रडू नको. तुझा सोभाव मला ठाऊक हाय. लहानपनी भावाला मार बसू नये म्हनून खोटं बोलायचीस. आता म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून बोलायलीस.'

'नाही, अण्णा. देवाशपथ.'

'बरं बरं. तूच बोललीस. जेव आता.'

लहान पोराला समजावतात तसे ते बोलत होते. मी भावाला फोन लावला. तोही म्हणाला, 'आक्का, त्यांना बरं वाटत असंल तर तुला काय सांगायचं ते सांग. मी हो म्हनतो.' गडी होता, पण तो केव्हाच दुसऱ्याच्या शेतावर गेला होता. आणि त्याला आणूनही काय, तो पडला हो ला हो करणारा.

मग मला वाटलं, आवाज काढूनच दाखवावा. ऐकल्यावर तरी पटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी त्यांच्या मागं, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. गळा आता जाड झालाय, पण आला. 'दोघं.'

अण्णा ताडकन उठून बसले. चेहरा असा उजळला की चार वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. उशाखालची टोपी डोक्यावर घातली आणि माझ्याकडं न बघता थेट बाहेरच्या दाराशी गेले. कडी काढली. जिन्यात डोकावले, वर पाहिलं, खाली पाहिलं. मी मागून सांगत होते, 'अण्णा, मी, मी होते, इकडं बघा.' त्यांनी दार हळूच लावलं. टोपी काढून हातात घेतली.

कोण आलं होतं, असं मी विचारलं नव्हतं तरी त्यांनीच उत्तर दिलं. 'कुनी न्हाई. उगंच उठलो.'

काय ऐकलं ते त्यांनी मला सांगितलंसुद्धा नाही. मला काळजी वाटू नये म्हणून लपवलं. मी परत आवाज काढणार होते, पण ते टोपी घडी घालून उशाखाली ठेवत होते, आणि माझ्यानं झालं नाही. आणखी एकदा त्यांना त्या दारापर्यंत पाठवायचं माझ्यात बळ नव्हतं.

त्यानंतर मी एकच करू शकत होते, ते केलं. घरातल्या प्रत्येक आवाजाची साक्ष दिली. बेल वाजली अण्णा, मलाही ऐकू आली. शिट्टी झाली, तिसरी. खाली भंगारवाला ओरडतोय. ते मान हलवायचे. ऐकायचे, पण मानायचे असं नाही.

यंदा संक्रांतीनंतर ते अंथरुणाला खिळले. दवाखाना नको म्हणाले. चैत्रात डॉक्टर घरी येऊन सांगून गेले की भावाला बोलावून घ्या. तो गाडीत बसला होता, जालन्याच्या पुढं आला होता. दुपारचे तीन-साडेतीन. उन्हामुळं रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी त्यांच्या ओठांना कापसानं पाणी लावत होते. अण्णांनी डोळे उघडले आणि कान दिला. वावरात बांधावर बसून द्यायचे तसा.

'थोरले,' ते म्हणाले. 'धाकट्यानं आवाज दिला का गं?'

घरात काही म्हणजे काही वाजत नव्हतं. पंखासुद्धा बंद होता. मी म्हणाले, 'हो, अण्णा. दिला. मलाही आला ऐकू.'

ते माझ्याकडं बघत राहिले. 'कुत्री बी भुंकायलीय. का मला नुसतं वाटायलंय?'

'भुंकतेय, अण्णा. लांबून येतोय, पण तिचाच आवाज आहे.'

आणि त्यांनी ते मानलं. मी खरं सांगितलं ते शपथेवरही मानलं नाही, हे मानलं. कपाळावरची आठी गेली. मान उशीवर सैल झाली.

'दोघं हायत मग,' अण्णा म्हणाले, आणि पाणी मागितलं. मी चमच्यानं पाजलं.

भाऊ साडेपाचला पोचला. तोवर मी त्यांचे डोळे मिटले होते.